‘आज वाढ किती?’

2020 च्या उन्हाळ्यात औरंगाबादेत सकाळचा चहा होण्याआधी प्रत्येकाच्या मोबाइलवर एक मजकूर येऊन पडायचा. ‘जिल्ह्यात आज इतक्या रुग्णांची वाढ’ आणि खाली वसाहतींची नावं. नूर कॉलनी, किलेअर्क, संजयनगर, पुंडलिकनगर, जयभीमनगर, रामनगर, भावसिंगपुऱ्यातलं भीमनगर. प्रत्येक नावापुढे कंसात आकडा. लोक आधी आपली वसाहत शोधायचे, मग सासरची-माहेरची, मग एकूण बेरीज. संध्याकाळी पुन्हा नवी यादी. मधल्या वेळात ज्याचा फोन येईल त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: आज वाढ किती?

असे आकडे जिथे जुळवले जात, तिथे मी काम केलं. मी डॉक्टर नाही, सांख्यिकी शिकलेली आहे. मनुष्यबळ कमी पडत होतं म्हणून मदतीला बोलावलेल्यांपैकी एक. कोरोनाच्या साथीत शहराने काय काय केलं हे सगळ्यांनी पाहिलं. पत्रे ठोकलेल्या गल्ल्या, फवारणीचे टँकर, नाक्यांवरचे स्वॅब, नऊ दिवसांचा बंद. पण यातलं काय लागू पडलं आणि काय वाया गेलं हे ठरवायची धडपड पडद्यामागे चालायची. तिच्याबद्दल सांगण्यासारखं बरंच आहे.

सुरुवात पत्त्यांपासून करते, कारण आमची रोजची मारामारी त्यांच्याशीच होती. शहरात पहिला रुग्ण 15 मार्च 2020 ला नोंदला गेला. तेव्हा नमुने पुण्याला, राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत जायचे. पुढे घाटीची, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची प्रयोगशाळा सुरू झाली, विद्यापीठातही एक उभी राहिली. अहवाल यायचा तो नाव, वय आणि पत्त्यासह. पत्ता म्हणजे काय, तर ‘मशिदीच्या मागे’, ‘पाण्याच्या टाकीजवळ’, ‘एन-6’. एकाच वस्तीला जुनं नाव वेगळं, मनपाच्या दप्तरात वेगळं. त्यात घाटीत खाट मिळावी म्हणून बाहेरगावचा माणूस शहरातल्या भाचीचा पत्ता द्यायचा. माणूस पलीकडच्या जिल्ह्यातला, आणि भाचीच्या गल्लीला बांबू-पत्रे. मग कुणीतरी विचारायचं, या गल्लीत कंटेनमेंटचा उपयोग झाला का? तिथे पुढे एकही रुग्ण निघाला नाही. कागदावर उपाय शंभर टक्के यशस्वी. खरं तर तिथे आजार आलाच नव्हता.

लोकांचे फोन यायचे ते आकडा कमी करा म्हणून नव्हे, नाव काढा म्हणून. ‘ताई, आमच्या कॉलनीचं नाव गाळा, दूधवाला यायचा बंद झालाय.’ एकदा एका वयस्कर बाईंनी रडत रडत सांगितलं, ‘बेटा, पता मत लिखो. लड़की की बात चल रही है.’ यादीत माणसाचं नाव नव्हतं, फक्त वस्तीचं होतं, तरी गल्लीला माणूस माहीत असायचाच. बदनामी नको म्हणून लोक तपासणीला यायचे टाळू लागले, आणि ज्या यादीने लोकांना सावध करायचं तीच लोकांना लपवू लागली. वसाहतवार यादी छापण्याने फायदा किती झाला आणि किती लोक केंद्रापासून दूर पळाले, याचा हिशेब कुणी मांडला नाही. मांडायला हवा होता, असं मला तेव्हाही वाटायचं.

8 मे 2020 ची सकाळ मी विसरू शकत नाही. मालेगावच्या बंदोबस्तावरून परतलेल्या राज्य राखीव पोलीस दलाच्या सत्तरहून अधिक जवानांचे अहवाल पॉझिटिव्ह आले आणि शहराचा आलेख एका दिवसात उभा चढला. फोन खणखणू लागले, शहर हाताबाहेर गेलं का? वास्तविक संसर्ग मालेगावातला, तपासणी इथली, आणि सगळ्यांची एकदम. आलेखातल्या त्या खांबाचा औरंगाबादच्या गल्ल्यांशी काही संबंध नव्हता. जवानांचा गट वेगळ्या रंगात दाखवावा असं ठरलं. आमच्या कागदावर तो दिसला, लोकांपर्यंत गेला तो एकच मोठा आकडा.

त्याच पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून रूळ धरून चालत निघालेले, मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी जायला. त्या दिवशी आमच्या तक्त्यात बाधित, बरे झालेले, मृत असे रकाने होते आणि त्या सोळा जणांना त्यांत जागा नव्हती. ते कोरोनाने गेले नव्हते. पण टाळेबंदी नसती तर ते त्या रुळांवर नसते. शेजारी बसणारी निवासी डॉक्टर पेन ठेवून म्हणाली, ‘औषधाचे साइड इफेक्ट लिहून ठेवतो ना आपण? मग टाळेबंदीचे कुठे लिहायचे?’ उपायाचा हिशेब करताना वाचलेले जीव एका बाजूला मांडायचे, तर उपायाने गेलेले दुसऱ्या बाजूला मांडलेच पाहिजेत. चुकलेली डायलिसिस, राहिलेली लसीकरणं, बुडालेली मजुरी हे सगळं त्यात आलं. तो रकाना शेवटपर्यंत कुठेच नव्हता.

आता जुलै. जूनअखेर वाळूजमधल्या बजाज ऑटोच्या कारखान्यात बाधितांचा आकडा फुगला आणि पुढे अडीचशेवर गेला. शहरातही रोजची यादी लांबत चालली होती. प्रशासनाने 10 ते 18 जुलै असा नऊ दिवसांचा कडकडीत बंद जाहीर केला. गुलमंडीपासून सिडकोपर्यंत शहर ठप्प. आणि गंमत अशी नव्हे, घोळ असा की त्याच सुमारास अँटिजेन किट हाती आली. आधी स्वॅबचा अहवाल यायला दिवस जायचे, आता अर्ध्या तासात निकाल. शहराच्या नाक्यांवर येणाऱ्यांच्या तपासण्या सुरू झाल्या. 18 जुलैनंतर व्यापाऱ्यांना चाचणी केल्याशिवाय दुकान उघडायची परवानगी नव्हती, त्यामुळे किराणावाले, भाजीवाले, सलूनवाले रांगा लावून उभे.

आकडे अर्थातच वर गेले. एक गट म्हणाला, बंद फसला. दुसरा म्हणाला, बंद नसता तर याहून वर गेले असते. दोघेही छातीठोकपणे बोलत होते आणि दोघांच्याही हातात तोच कागद होता.

आमचे एक ज्येष्ठ डॉक्टर होते, आयुष्यभर साथीच शिकवलेले. त्यांनी तक्ता पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, ‘तपासले किती?’ तो आकडा यादीत नसायचा. पाचशे तपासून पन्नास निघणं आणि पाच हजार तपासून दोनशे निघणं, यात दुसरा दिवस बरा आहे. पण वाढ विचाराल तर दुसरा दिवस चौपट वाईट. म्हणून शंभरातले किती निघाले ते काढायला लागलो. तेवढ्यावर समाधान होतंय तोच सरांनी त्यालाही टाचणी लावली. व्यापारी तपासायला आले ते धडधाकट, लक्षणं नसलेले. अशांच्या रांगेत टक्का खाली येणारच. मग टक्का उतरला तो साथ उतरल्यामुळे की निरोगी माणसांना रांगेत उभं केल्यामुळे? शिवाय अँटिजेनचा ‘निगेटिव्ह’ पक्का नसतो. आयसीएमआरने ज्या किटला जूनमध्ये मान्यता दिली, तिची संवेदनशीलता त्यांच्याच मूल्यमापनात 50.6 ते 84 टक्के भरली होती, म्हणजे बाधितांपैकी बरेच हातून निसटणार. म्हणूनच लक्षणं असूनही निगेटिव्ह आलेल्याची आरटीपीसीआर करायची सूचना होती.

त्यातून वेळेचं गणित वेगळंच. आज संसर्ग झालेल्याला ताप यायला सरासरी पाच दिवस, क्वचित चौदा. मग दोन-तीन दिवस अंगावर काढायचे, मग तपासणी, मग अहवाल, मग यादी. म्हणजे 10 जुलैला दुकानं बंद केली तर त्याचा परिणाम दिसायला साधारण 18-20 जुलै उजाडणार. बंदच्या नऊ दिवसांत जे आकडे छापून आले ते बंदच्या आधीच्या दिवसांचे होते. आणि परिणाम दिसायची वेळ आली तेव्हा तपासणीची रीतच बदललेली.

‘अहवालाची तारीख सोडा, ताप कधी आला ती तारीख घ्या,’ सर म्हणाले. लाइन लिस्टमध्ये, म्हणजे रुग्णवार नोंदींच्या यादीत, तो रकाना होता. उघडून पाहिला तर बहुतेक ठिकाणी रिकामा, कुठे ‘नाही’, कुठे तपासणीचीच तारीख उतरवलेली. ज्या आशाताई, शिक्षक आणि परिचारिका दिवसभर पीपीईत भिजून तपासणी केंद्रांवर राबत होत्या त्यांना तो रकाना भरायला सवड कुठली?

मग आम्ही फोन करायला बसलो. ‘ताप कधीपासून होता?’ एवढाच प्रश्न. लोकांना तारखा आठवत नव्हत्या, आणि टाळेबंदीत वारही विसरले जात होते. कुणी सांगायचं, ‘आषाढीच्या दुसऱ्या दिवशी.’ ती सोपी, 1 जुलैची एकादशी. मुकुंदवाडीकडच्या एका भाजीवाल्या मावशींना काही केल्या आठवेना. मग एकदम म्हणाल्या, ‘थांबा, पाणी आलं होतं त्या रोजी. हंडे भरता भरता हिव भरलं, लेकीनं नळी धरली.’ या शहराला नळाचं पाणी रोज येत नाही. जायकवाडी धरण जवळ असून चार-पाच दिवसांआड, कधी त्याहून उशिरा येतं. त्यामुळे पाणी आलेला दिवस घराघरात पक्का लक्षात असतो. आम्ही पाणीपुरवठ्याचं वेळापत्रक मागवलं, त्या भागाचा दिवस काढला आणि मावशींची तारीख मिळाली. त्यानंतर प्रत्येकाला आम्ही तेच विचारू लागलो: पाणी यायच्या आधी की नंतर?

त्या फोनवरच मावशींनी उलट विचारलं, ‘दर तासाला हात धुवा म्हणता. कशानं धुऊ?’ फलकांवर त्रिसूत्री रंगवली होती, ‘मास्क, अंतर, हात धुणे’. आठवड्यात पाण्याच्या एखाद-दोन पाळ्या असलेल्या वस्तीत तिसऱ्या सूत्राचं पालन किती होऊ शकतं हे मोजल्याशिवाय ‘लोक ऐकत नाहीत’ असं म्हणण्याचा कुणालाच अधिकार नाही.

जेवढ्या तारखा जमल्या त्यांचा आलेख काढला. नऊ दिवसांच्या बंदला पास किंवा नापास म्हणण्याइतकं बळ त्यात नव्हतं, कारण फोन लागलेले आणि न लागलेले यांत फरक होता. सरांनी त्यावर तसंच लिहिलं. मला तो कागद त्या वर्षातला सर्वांत प्रामाणिक वाटतो. 1854 मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर पंपाचा दांडा काढून कॉलरा थांबवल्याची गोष्ट सगळे सांगतात. पण ती साथ अभ्यासणाऱ्या जॉन स्नोने स्वतः नोंदवलं आहे की दांडा काढेपर्यंत साथ आधीच ओसरू लागली होती, लोक वस्ती सोडून गेले होते. म्हणून कॉलरा पाण्यातून पसरतो हा त्याचा निष्कर्ष चुकीचा ठरत नाही. त्याने फक्त नसलेलं श्रेय घेतलं नाही.

ऑगस्टमध्ये मात्र एक काम नीट, आधी ठरवून झालं. महापालिका आणि घाटीचा पीएसएम, म्हणजे प्रतिबंधात्मक व सामाजिक वैद्यकशास्त्र विभाग यांनी मिळून सेरो सर्वेक्षण केलं. मनपाचे 115 वॉर्ड, चार हजारांवर रक्तनमुने. किती जणांना नकळत होऊन गेलंय ते अँटिबॉडीवरून शोधायचं. अशा पाहणीत खरी कसोटी असते ती घर निवडण्यात. पथकाने ठरलेल्या घरीच जायचं, मनाने नाही. आणि गल्लीत अगदी उलटं घडतं: ज्याची चिठ्ठी निघाली तो दार लावून घेतो, आणि शेजारचा बाही वर करून उभा, ‘आमचंही घ्या, फुकट आहे ना?’ त्याचं रक्त घेतलं तर संख्या लवकर पुरी होते, पण पाहणी वाया जाते; कारण आपणहून पुढे येणाऱ्याला बहुधा शंका असते, घरात कुणी आजारी पडून गेलेलं असतं. एका परिचारिकेने मला सांगितलं की एका आजोबांच्या दाराशी ती तीनदा गेली. तिसऱ्या वेळी रक्ताबद्दल शब्द न काढता त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली, तेव्हा आजोबांनी हात पुढे केला. त्या एका नळीची किंमत शेजारच्या दहा नळ्यांहून जास्त.

निष्कर्ष आला, सुमारे 12 टक्के. 2011 च्या जनगणनेतली पावणेबारा लाखांची लोकसंख्या धरली तरी एक लाख चाळीस हजारांच्या आसपास माणसांना संसर्ग होऊन गेलेला, आणि जिल्हाभरातली एकूण नोंद तेव्हा वीस हजारांच्या घरात. आम्ही ज्यांच्यासाठी गल्ल्या बंद करत होतो, त्यांच्या कितीतरी पट माणसं काही न कळता फिरत होती. मुंबईच्या जुलैमधल्या पाहणीत झोपडपट्ट्यांत 57 टक्के आणि इतरत्र 16 टक्के आले होते. पुण्याच्या पाच प्रभागांत निम्म्याहून किंचित जास्त. म्हणजे आपण चांगलं रोखलं, असं एकाने म्हटलं. म्हणजे अजून अठ्ठ्याऐंशी टक्के बाकी आहेत, असं सर म्हणाले. दोन्ही खरं होतं. सप्टेंबरने दुसरं अधिक खरं करून दाखवलं.

मृत्यूंचा आकडा तर सगळ्यांत जपून वाचावा लागायचा. घाटी हे एका शहराचं रुग्णालय नाही. जालना, बीड, परभणी, हिंगोली, पलीकडे बुलडाण्यापर्यंतचे अत्यवस्थ रुग्ण इथे येतात. ‘औरंगाबादेत इतके मृत्यू’ या ओळीत अर्ध्या मराठवाड्याचा भार असायचा. मृत्यूच्या कागदपत्रांत आम्ही एक अंतर मोजायचो: लक्षणं सुरू झाल्यापासून दाखल होईपर्यंतचे दिवस. दाखल झाल्यावर चोवीस तासांच्या आत गेलेल्यांचे कागद वाचताना हात जड व्हायचा. त्यांना व्हेंटिलेटर कमी पडला नव्हता, ते पोहोचलेच उशिरा. अशा ठिकाणी खाटा वाढवून उपयोग मर्यादित. घरी जाऊन बोटाला ऑक्सिमीटर लावणारी आशाताई जास्त जीव वाचवते. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम 15 सप्टेंबरला सुरू झाली, तेव्हा माझ्या मते तिच्यातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची होती.

पुढच्या वर्षीचं थोडक्यात. 30 मार्च 2021 च्या मध्यरात्रीपासून 8 एप्रिलपर्यंत पुन्हा पूर्ण बंद जाहीर झाला, खासदार इम्तियाज जलील यांनी विरोध केला आणि सुरू व्हायच्या आधीच, त्याच रात्री, तो मागे घेतला गेला. काही दिवसांत राज्याचेच निर्बंध लागू झाले, त्यामुळे ‘बंद न करून काय झालं’ हे पाहायची संधीही गेली.

नोव्हेंबर 2021 चा लसीकरणाचा आदेश मात्र देशभर गाजला. पात्र लोकांपैकी राज्यात 74 टक्क्यांनी पहिला डोस घेतलेला, आपल्या जिल्ह्यात जेमतेम 55. 36 जिल्ह्यांत आपण 26 वे. जिल्हाधिकारी सुनील चव्हाण यांनी आदेश काढला: लस नाही तर पेट्रोल नाही, गॅस नाही, रेशन नाही, अजिंठा-वेरूळला प्रवेश नाही. केंद्रांवर गर्दी वाढली, हे डोळ्यांनी पाहिलं. पण त्याच महिन्यात घरोघरी लसीकरणाचं ‘हर घर दस्तक’ सुरू झालं होतं, दिवाळी आटोपून लोक मोकळे झाले होते आणि महिनाअखेर ओमिक्रॉनची बातमी आली. यातलं कोणाचं श्रेय किती? आदेश आधी चार तालुक्यांत, दोन आठवड्यांनी उरलेल्यांत, असा टप्प्याने लावला असता तर उत्तर हातात आलं असतं. 1897 च्या प्लेगात लस तयार करणाऱ्या हाफकिन यांनी भायखळ्याच्या तुरुंगात अशीच तुलना केली होती: एकाच तुरुंगात लस घेतलेले आणि न घेतलेले कैदी शेजारी-शेजारी, आणि दोन्हींची मोजणी. पेट्रोलची अट मी समजू शकते. रेशनची अट मला पटली नाही, आजही पटत नाही. लस चुकलेल्या घरातलं मूल उपाशी राहिलं तर त्याची नोंद कुठल्या तक्त्यात होणार होती?

आज शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर आहे. नळाला पाणी अजून रोज येत नाही, आणि दर पावसाळ्यानंतर डेंग्यू येतो. धूरफवारणीचा गाडा गल्लीतून जातो, फोटो छापून येतो. फवारणीच्या आधी किती घरांच्या टाक्यांत अळ्या होत्या आणि आठवड्याने किती उरल्या, हे दोन आकडे त्या फोटोखाली छापून आलेले मी पाहिलेले नाहीत. महापालिकेला माझी एकच विनंती आहे. पुढच्या साथीत आदेश काढाल तेव्हा त्याच कागदावर तीन ओळी आधी लिहा: आम्ही काय मोजणार, कोणत्या तारखेला मोजणार, आणि कशाशी ताडून पाहणार. त्यासाठी पैसे लागत नाहीत. आणि वाचकांना विनंती अशी की, आरोग्य विभागातून फोन आला आणि कुणी विचारलं की ताप कधी आला, राहायला नक्की कुठे, तर कंटाळून फोन ठेवू नका. तारीख आठवा, आणि पत्ता खरा सांगा.